पाठीची माती

कुस्तीच्या पहिल्या मैदानात मी मावळतीकडं पाठ करून बसलो होतो. लग्नाचे फोटो काढताना मला तेच शिकवलेलं: उजेड आपल्या पाठीशी, माणूस समोर, चेहरा स्वच्छ. गावची यात्रा होती, चैत्र संपत आलेला, दुपारचे साडेचार वाजलेले. हौद्यात, म्हणजे मातीच्या आखाड्यात, लहान पोरांच्या नारळाच्या बक्षिसावरच्या कुस्त्या चालल्या होत्या आणि मी दर दोन मिनिटांनी कॅमेऱ्याच्या मागच्या काचेत बघत होतो. फोटो स्वच्छ येत होते. पोरं दिसत होती, माती दिसत होती, मागं उभी असलेली माणसं दिसत होती. कुस्ती कुठंच दिसत नव्हती. शेजारी फेटा बांधलेले एक म्हातारे पैलवान बराच वेळ माझ्याकडं बघत होते. शेवटी म्हणाले, "पावणं, पलीकडं जाऊन बसा की. ऊन तोंडावर घ्या. धुरळा दिसंल."

पलीकडं गेलो. सूर्य समोरच्या उसाच्या वर दोन हात राहिला होता. आता पोरगं पडलं की जी माती उडायची तिच्यातून उजेड आरपार यायचा आणि दोन अंगांच्या कडा पेटल्यासारख्या दिसायच्या. चेहरे काळे पडत होते, पण कोण कुणाला कुठं धरतोय ते कळत होतं. त्या आजोबांनी जन्मात कॅमेरा हातात धरला नसेल. वर्षानुवर्षं मैदानाच्या कडेला बसून कुस्ती कुठल्या बाजूनं दिसते एवढं त्यांना ठाऊक होतं, आणि त्या दिवशी मला तेवढंच हवं होतं.

कुस्तीचे फोटो काढायला सुरुवात कशी केली, असं हल्ली नवी पोरं विचारतात. कॅमेरा कुठला, लेन्स कुठली, पैसे मिळतात का. सांगायला मला आवडतं. पण सांगता सांगता मी दरवेळी एका फोटोपाशी येऊन थांबतो, आणि तो फोटो आज कुणाला दाखवायला माझ्याकडं भिंतीवर नाही की फोनमध्ये नाही.

मी कोल्हापुरात एका फोटो स्टुडिओत हाताखाली काम करत होतो. लग्नं, साखरपुडे, बारशी, पासपोर्टचे फोटो. स्वतःचा पहिला कॅमेरा घेतला तो वापरलेला, १८,००० रुपयांना, सोबत ५० एमएमची एकच लेन्स. एका लग्नात नवऱ्याचा धाकटा भाऊ पैलवान होता. जेवणं उरकल्यावर तो बाजूला घेऊन म्हणाला, "दादा, माझा एक फोटू काढून द्या की. डिजिटल लावायचंय." आमच्याकडं चौकात लागणाऱ्या फ्लेक्सच्या बोर्डाला डिजिटल म्हणतात. यात्रा, वाढदिवस, निवड, विजय, सगळ्याला डिजिटल. दोन दिवसांनी तो फेटा बांधून, उघड्या अंगानं, खांद्यावर गदा घेऊन स्टुडिओत उभा राहिला. छाती पुढं, हनुवटी किंचित वर. मी म्हटलं, जरा हालचाल करा, शड्डू ठोका, काहीतरी करा. त्याला ते पटलं नाही. "नुसता हुबा राहतो," म्हणाला. त्या वेळी मला त्याचं ते उभं राहणं फार जुनाट वाटलं होतं. तो का उभा राहिला हे कळायला मला पुढं सहा वर्षं लागली.

त्याच्याच ओळखीनं तालमीत गेलो. गंगावेस, मोतीबाग, शाहूपुरी, काळाइमाम ही नावं कोल्हापूरच्या बाहेरच्यांनाही माहीत असतात. मी ज्या तालमीत बसलो तिचं नाव लिहीत नाही, वस्तादांना ते आवडायचं नाही. पहाटे साडेचारला दारात चपला काढायच्या, मारुतीला हात जोडायचे आणि भिंतीला टेकून बसायचं. हौद्यातल्या मातीची उस्तवार असते. चाळलेल्या तांबड्या मातीत ताक, लिंबू, हळद, तेल, कापूर घालतात. रोज पोरं खोऱ्यानं ती उकरून काढतात, मग फळीवर एकाला बसवून दुसरा ती फळी ओढत फिरवतो आणि जमीन सपाट होते. तो ओलसर, किंचित आंबूस वास पहिल्या दिवशी माझ्या शर्टाला लागला तो आईनं ओळखला. तिचे मामा पैलवान होते.

वस्ताद म्हणाले, "आठ दिवस कॅमेरा पिशवीत राहू दे." मी हो म्हटलं. आठाचे बावीस दिवस झाले. जोर, बैठका, मग लढती. मी नुसता बघत बसायचो आणि मला काही कळायचं नाही. दोन पोरं एकमेकांच्या मानेवर हात टाकून डोक्याला डोकं लावून उभी, मग एकदम धप्प, आणि एक खाली. मधलं सगळं निसटायचं. एका पहाटे वस्तादांनी माझ्या खांद्याला धरलं. "काय बघतोस?" मी म्हटलं, हात बघतो. "हातं फसवत्यात. हातानं खोटं बोलायचं असतंय, तीच कुस्ती. कंबर बघ. कंबरंला खोटं बोलता येत नाही."

या एका वाक्यावर माझं पुढचं सगळं काम उभं आहे. एकेरी पट काढायचा असला की माणूस वर कितीही हात नाचवो, आधी त्याचं कूल्हं खाली बसतं, मग डोकं, मग तो समोरच्याच्या पायावर झेपावतो. ढाक मारणारा आधी कमरेतून वळतो आणि समोरच्याला आपल्या कुशीवर घेतो. ते वळण दिसलं त्या क्षणी बोट दाबलं पाहिजे, कारण पुढच्या अर्ध्या सेकंदात समोरच्याचे पाय आभाळाकडं असतात. कलाजंगात तो गुडघ्यावर जातो आणि अख्खा माणूस खांद्यावर आडवा घेतो. खाली गेल्यावर घिस्सा, म्हणजे खालच्याची लांग धरून त्याला उलटवायचा डाव, चालतो तेव्हा वरचा काय करतोय ते पाठीमागून दिसत नाही, लांगेतली त्याची मूठ दिसेल अशी जागा आधीच धरून बसावं लागतं. डाव ओळखू यायला लागले तसे माझे फोटो कमी झाले. पहिल्या मैदानात मी ९०० फोटो काढले होते. आज अख्ख्या मैदानाचे अडीचशे होतात आणि त्यातले चाळीस ठेवण्यासारखे असतात.

माझा तो पहिला कॅमेरा सेकंदाला पाच फोटो काढायचा आणि सहा-सात फोटोंनंतर दम खायला थांबायचा. महागड्या कॅमेऱ्यावाल्यांसारखं बटण दाबून धरायची सोय नव्हती, म्हणून कंबर बघायला शिकलो. आता कॅमेरा चांगला आहे, पण सवय तीच राहिली आहे. नव्या पोरांना मी सांगतो की पहिलं वर्ष जुन्या, हळू कॅमेऱ्यावरच काढा.

तालमीत उजेड नसतो. एक ट्यूबलाइट, एक झरोका. आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची उजेड टिपायची ताकद, ३२००, कधी ६४००, लेन्स पूर्ण उघडी, आणि तरी फोटोचा वेळ सेकंदाच्या १/२५० हून कमी करता येत नाही. मैदानात उन्हात १/१००० ठेवलं की उडालेला मातीचा कण न् कण थांबतो. फ्लॅश मी कधी वापरला नाही आणि कुणी वापरू नये. पट काढायला वाकलेल्या माणसाच्या डोळ्यात उजेड मारला तर त्याची वर्षभराची मेहनत आपल्यामुळं जाईल. रंगाचं एक दुखणं वेगळंच आहे. कॅमेऱ्याला आपोआप रंग ठरवू दिला की तो तांबड्या मातीला चूक समजतो, लाल कमी करत जातो आणि धडधाकट पैलवान आजारी दिसायला लागतात. उन्हात मी रंगाचा आकडा हातानं बांधून ठेवतो आणि मातीला मातीसारखं राहू देतो. पांढरे फेटे मात्र सांभाळावे लागतात. उन्हात त्यांची नुसती पांढरी ढेकळं होतात, म्हणून फोटो थोडा अंधारा घ्यायचा आणि सावळी अंगं नंतर घरी बसून वर काढायची.

आणि मैदानात लेन्स बदलायची नाही. मी एकदा बदलली. एक कण आत गेला आणि पुढच्या लग्नात नवरानवरीच्या डोक्यावर, प्रत्येक फोटोतल्या आभाळात, त्याच जागी तो बसलेला दिसला.

खासबागेत बसायला मिळालं तेव्हा मला फोटोग्राफर झाल्यासारखं वाटलं. राजर्षी शाहू महाराज १९०२ साली युरोपात गेले होते, रोममधलं जुनं प्रेक्षागार त्यांनी पाहिलं, आणि १९१२ साली कोल्हापुरात हे मैदान उभं राहिलं. खोलगट वाटीसारखं, मधे हौदा, भोवती चढत गेलेली बसायची जागा. कुठंही बसा, पुढच्याचं डोकं आड येत नाही. फोटो काढणाऱ्याला याचा अर्थ वेगळा लागतो. गावच्या मैदानात पैलवानांच्या मागं ट्रॅक्टर येतो, ऊसाची ट्रॉली येते, आइस्क्रीमची गाडी येते. खासबागेत तळाशी बसून कॅमेरा वर केला की मागं नुसते चेहरे, एकावर एक रचलेले, फोटोच्या वरच्या कडेपर्यंत. शाहू महाराजांनी प्रेक्षकांची सोय बघितली असणार, पण शंभर वर्षांनी त्यांनी माझीही सोय करून ठेवली होती असं मला तिथं बसल्यावर वाटतं. याच गावात चित्रकार बाबुराव पेंटरांनी १९१८ च्या सुमारास सिनेमाचा कॅमेरा स्वतःच्या हातांनी बनवला. कुस्ती आणि कॅमेरा या दोन्हींचं वेड एकाच पाण्यावर वाढलेलं आहे. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री खासबागेला लागून असलेलं केशवराव भोसले नाट्यगृह जळालं तेव्हा आम्ही कितीतरी जण रस्त्यावर उभे होतो. माझ्या गळ्यात कॅमेरा होता. मी एकही फोटो काढला नाही, हात वर होईना.

आता त्या फोटोविषयी.

सांगली जिल्ह्यातलं एक मैदान, दोन नंबरच्या बक्षिसाची कुस्ती. एका बाजूला नावाजलेला गडी, दुसऱ्या बाजूला वीस-एकवीस वर्षांचा पोरगा, त्या हंगामात सलग सहा कुस्त्या मारून आलेला. हलगी वाजत होती, तिच्या जोडीचं घुमकं घुमत होतं, निवेदक त्या पोराच्या गावाचं, वस्तादांचं, आज्याचं नाव घेऊन लोकांना पेटवत होता. अठरा मिनिटं खडाखडी, म्हणजे उभ्या उभ्या नुसती झटापट, चालली. लोक शिट्ट्या मारायला लागले, पंचांनी दोनदा बजावलं. मी मावळतीकडं तोंड करून, पोटावर पडून, मातीच्या पातळीला कॅमेरा धरून होतो. नावाजलेल्या गड्याची कंबर वळली आणि मी बटण दाबलं.

तसा फोटो मला त्याआधी मिळाला नव्हता. वरचा अजून हवेत, खालच्याची पाठ मातीला टेकलेली, दोन्ही खांदे सपाट, चारी बाजूंनी धुरळ्याचं कडं, आणि त्या धुरळ्यात पोराचे दोन्ही डोळे उघडे, थेट माझ्या लेन्सकडं. त्याला कळलेलं होतं. हरल्याचं ज्या क्षणी माणसाला कळतं तो क्षण माझ्या कार्डावर आला होता. मी घरी जाताना मोटरसायकल दोनदा थांबवून तो फोटो बघितला.

तो एका पेपरात मोठा छापून आला. मग फेसबुकवरच्या कुस्तीच्या पानांवरून फिरला. माझं नाव पहिल्यांदा चार लोकांना कळलं ते त्या फोटोमुळं. तीन यात्रा कमिट्यांचे फोन आले. पुढच्या महिन्यात जिंकलेल्या गड्याच्या गावात डिजिटल लागलं, १५ फूट रुंद. त्यावर नेत्यांचे चेहरे, गदा, आणि मधोमध माझा फोटो. खाली तो पोरगा, डोळे उघडे, चौकात पंधरा दिवस.

तो पोरगा स्टुडिओत आला तेव्हा दुपार होती आणि मी एकटा होतो. त्याला कपड्यांत मी ओळखलंच नाही. कान चिंबलेले होते म्हणून पैलवान आहे एवढं कळलं. खुर्चीवर बसला, पाणी प्यायला, फोनवर तो फोटो काढून माझ्यासमोर धरला आणि म्हणाला, "ह्यातनं मला काढता येतंय का?"

मला आधी कळलं नाही. त्याला वाटत होतं की कॉम्प्युटरवर होतं सगळं. लग्नाच्या फोटोतून आम्ही विजेच्या तारा काढतो, नको असलेला पाहुणा काढतो, तसं. त्याला कुणाचा राग आलेला नव्हता. वरचा राहू दे, फोटो तुमचा चांगला आलाय, म्हणाला, फक्त मी नको. त्याच्या घरासमोरून त्या गावाला जाणारी एसटी जाते. आई तिकडच्या बाजाराला जायची बंद झाली होती.

खालचा काढला तर वरचा कशावर आहे? मी त्याला हे म्हटलं नाही. मी म्हटलं, बघतो. तो गेल्यावर खरंच बसून बघितलं. पुसलं की वरचा पैलवान हवेत पालथा, हात पसरून वेड्यासारखा तरंगताना दिसायचा. कुस्ती निकाली झाली हे दाखवायला एकाची पाठ मातीला लागलेली दाखवावीच लागते. क्रिकेटमध्ये षटकार मारणाऱ्याचा फोटो एकट्याचा असतो, गोलंदाज त्यात नसला तरी चालतं. चितपटाच्या फोटोत दोघं असतातच, आणि ज्याचा चेहरा वर असतो, कॅमेऱ्याला पुरता दिसतो, तो नेमका हरलेल्याचा असतो. जिंकणाऱ्याची तर पाठच दिसते. इतकी वर्षं हे माझ्या डोळ्यासमोर होतं.

त्या आठवड्यात मी तालमीतल्या भिंती नीट बघितल्या. त्या फोटोंच्या खाली मी शेकडो पहाटा बसलो होतो. १९५९ साली पहिले हिंदकेसरी झालेले श्रीपती खंचनाळे. पुढच्याच वर्षीचे हिंदकेसरी गणपतराव आंदळकर. १९६२ च्या जकार्ताच्या आशियाई स्पर्धेतून सुवर्णपदक घेऊन आलेले मारुती माने. दादू चौगुले. त्यांच्या आजूबाजूला नावं पुसट झालेले कितीतरी जण. सगळे उभे. फेटा, गदा, मागं स्टुडिओचा रंगवलेला पडदा. कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव २३ जुलै १९५२ रोजी हेलसिंकीत कांस्यपदक जिंकले, स्वतंत्र भारताचं ऑलिंपिकमधलं पहिलं वैयक्तिक पदक, आणि आमच्या शाळेत त्यांचा जो फोटो होता त्यातही ते नुसते उभे होते. भिंतीवरच्या एकाही चौकटीत कुणी कुणाला पाडत नव्हतं.

मी आधी याचं कारण कॅमेऱ्यात शोधत होतो. जुन्या कॅमेऱ्यातल्या काचेच्या प्लेटा मंद होत्या, माणूस हलला की पुसट यायचा, म्हणून उभं करत असतील. सुरुवातीच्या काळापुरतं ते खरंही आहे. पण खंचनाळे हिंदकेसरी झाले तोवर फिल्म पुरेशी वेगवान झाली होती, पडताना काय, उडतानाही माणूस धरता आला असता. तरी भिंतीवर सगळे उभेच राहिले. वस्तादांना विचारलं. ते पोराच्या पाठीला तेल लावत होते. म्हणाले, "हितं रोज लढायचं असतंय पोरास्नी. भितीवर पडलेला गडी कशाला लावायचा?"

तेव्हा मला तो पहिला पैलवान आठवला, नुसता उभा राहतो म्हणणारा.

फोटो मी माझ्या पानावरून काढला. दोन पानांना विनंती केली, त्यांनीही काढला. बाकी कुठं कुठं गेला त्याचा हिशेब नाही. डिजिटल उतरलंच होतं. त्या पोराला फोन करून सांगितलं. तो "बरं" म्हणाला.

पुढचे काही महिने माझं काम बिघडलं. पाठ टेकायची वेळ आली की बोट उचललं जायचं. कमिटीनं पैसे दिलेले असायचे, त्यांना निकाली कुस्तीचा फोटो हवा असायचा आणि तो मागण्यात त्यांची काही चूक नव्हती. पैशांचं इथंच सांगून टाकतो. मैदानाचे दिवसाचे मला सुरुवातीला ५०० मिळायचे, आता यात्रेच्या ऐपतीप्रमाणं तीन ते पाच हजार मिळतात, आणि हंगाम दिवाळीनंतर सुरू होऊन वळवाच्या पावसापर्यंत. त्यावर घर चालत नाही. लग्नं सोडलेली नाहीत. खरी मिळकत पैलवानांच्या उभ्या फोटोंची आहे. शिवाय हल्ली कडेची चांगली जागा यूट्यूबवर थेट दाखवणाऱ्यांना आधी मिळते, आणि मला त्याचं वाईट वाटत नाही. कुंडलचं मैदान दुबईत बसून बघणारा आमच्या गावचा माणूस मला माहीत आहे.

जानेवारी २०२० मध्ये पुण्यात बालेवाडीला महाराष्ट्र केसरीची अंतिम कुस्ती झाली. गादी, म्हणजे मॅटच्या विभागातून नाशिकचा हर्षवर्धन सदगीर, माती विभागातून लातूरचा शैलेश शेळके. दोघंही वस्ताद काका पवारांच्या एकाच तालमीतले, एकाच ताटात जेवणारे म्हणावेत असे. हर्षवर्धन जिंकला. आणि जिंकल्यावर त्यानं हरलेल्या शैलेशला उचलून स्वतःच्या खांद्यावर घेतलं आणि मैदानात फिरला. मी त्या दिवशी एका लग्नात होतो. जेवणाच्या पंगतीत कुणीतरी फोन पुढं केला आणि मी वाढप्याच्या वाटेत तसाच उभा राहिलो. खांद्यावर नेहमी जिंकलेला असतो. इथं हरलेला वर होता, त्याचा चेहरा सगळ्यांत उंच होता, आणि कोण जिंकलं हे फोटोखालची ओळ न वाचताच कळत होतं. दुसऱ्या दिवशी पेपरात तो आला. ज्यानं कुणी काढला असेल त्याच्याविषयी मला हेवा वाटला नाही. माझी एक गाठ त्या फोटोनं सुटली.

त्यानंतर कुस्तीचा वेळ माझ्यासाठी लांबला. पूर्वी मी सलामीपासून निकालापर्यंत बघायचो. आता आधीचं बघतो: आत उतरताना मातीला हात लावून कपाळाला लावणं, पाठीवरचा वस्तादांचा तळवा, समोरच्याच्या ओंजळीत ओतलेली मूठभर माती. आणि नंतरचं बघतो. हलगी जिंकलेल्याकडं पळते, लोक त्याच्याकडं पळतात, तो फेटा घालून कडेकडेनं फिरतो आणि माणसं त्याच्या हातात दहाच्या, पन्नासच्या, शंभरच्या नोटा देतात. तेव्हा मी उलट्या बाजूला असतो. हरलेला उठतो. पहिल्यांदा तो पंचाकडं बघतो, मग आपल्या वस्तादांकडं. मग कुणीतरी, बहुतेक वेळा तालमीतलं सगळ्यांत लहान पोरगं, पुढं येऊन त्याच्या पाठीची माती झाडतं. हा फोटो कुणी मागत नाही, कुणी छापत नाही. माझ्याकडं असे साठेक आहेत. चितपटाचे फोटो मी आजही काढतो, ते माझं काम आहे. फक्त ते मी खालच्याला आधी पाठवतो. पाठवतो म्हणजे परवानगी मागतो. बहुतेक जण "लावा की" म्हणतात. काही उत्तरच देत नाहीत, त्यांचा लावत नाही. एका कमिटीनं या कारणावरून मला परत बोलावलं नाही.

मार्च २०२३ मध्ये सांगलीत पहिली महिला महाराष्ट्र केसरी स्पर्धा झाली आणि सांगलीचीच प्रतीक्षा बागडी जिंकली. त्याच्या आसपास मला मुलींच्या कुस्त्यांची कामं मिळायला लागली. एका तालुक्याच्या स्पर्धेत लढती संपल्यावर सात-आठ पोरींनी मला घेरलं. मी सवयीनं म्हटलं, उभ्या राहा, एकेकीचा फोटो काढतो. एक म्हणाली, "हुबा नको. मी तिला उचललेली तो दाखवा." आणि जिला उचललं होतं तीही शेजारी उभी राहून बघत होती, "माझा पाय कसा वर गेलाय बघ" म्हणून हसत होती. त्यांच्या मागं भिंत नाही, उभ्या आज्या-पणज्यांच्या चौकटी नाहीत. पडण्याची लाज कुणी अजून त्यांच्या हातात दिलेली नाही. मी त्या दिवशी फार आनंदानं घरी आलो, आणि थोडा विचारातही पडलो, कारण वस्तादांचं म्हणणंही मला अजून खोटं वाटत नाही.

करोनाच्या दोन वर्षांत तालमी बंद होत्या. हौद्यातली माती दगडासारखी झाली. खुराक परवडेना म्हणून किती पोरं गावी गेली, त्यातली किती परत आली नाहीत. त्या फोटोतला पोरगाही गेला असेल असं मी धरून चाललो होतो.

गेल्या हंगामात त्याचा मेसेज आला. मैदानाचं पत्रक, त्यात खालून चौथ्या ओळीत त्याचं नाव, आणि खाली एवढंच: "येणार काय?"

मी गेलो. एक वाजल्यापासून जागा धरून बसलो. आता दाढी आलीय, अंग भरलंय, वजनाचा गटही एकानं वर गेलाय. त्यानं मला बघितलं, हात केला नाही. साडेपाचला त्याचं नाव पुकारलं. समोरचा त्याच्याहून वीतभर उंच होता. मातीला हात लावून दोघं मधे आले, ओंजळीची देवाणघेवाण झाली, हलगी कडाडली आणि मानेवर हात पडले.

ऊन माझ्या तोंडावर होतं. दहा मिनिटं झाली, बारा झाली. मग उंच गड्यानं त्याला आपल्या अंगावर ओढून घेतलं आणि तो ओढीसरशी वळला, तशी त्याची अख्खी पाठ माझ्याकडं आली. घामानं चकाकत होती. दोन्ही खांद्यांच्या मधे समोरच्याच्या पाच बोटांचे तांबडे ठसे उमटले होते, बाकी पाठ कोरी होती. त्याचं कूल्हं खाली बसायला लागलं. मी बटणावर बोट ठेवलं.